साडेपाचशेत झाडूचे गुण नव्वदच

गाव सुंदर करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा झाडू येतो. मग चुना, मग रांगोळी, मग चावडीपुढे दोन कुंड्या. तपासणी पथक येऊन जाते, फोटो निघतात आणि पंधरा दिवसांनी उकिरडा पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचा छोटा देश आहे. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत जेमतेम ५१ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. पाऊस भरपूर, गवत भरपूर, शेती बहुतेक दूधदुभत्याची आणि मांसासाठी पाळलेल्या जनावरांची. या देशात गावे नीटनेटकी ठेवण्याची एक स्पर्धा १९५८ पासून चालू आहे. तिचे नाव 'टायडी टाउन्स', म्हणजे नीटनेटकी गावे. आज दर साली आठशेहून अधिक गावे तीत भाग घेतात. कोरोनामुळे २०२० साली ती झाली नाही, एरवी तिचा नेम चुकलेला नाही.

या स्पर्धेत एकूण गुण ५५०. त्यांपैकी झाडलोट आणि कचरा यांना मिळून ९०. उरलेले ४६० गुण कशाचे, हे आपल्या सरपंचांनी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी समजून घेण्यासारखे आहे.

ओसाड पडणाऱ्या गावांची स्पर्धा

ही स्पर्धा श्रीमंतांची हौस म्हणून निघालेली नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९५० ते १९६० या दहा वर्षांत आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसे पोटासाठी देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडला. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांवर आली. त्याहून कमी त्या देशाने कधी पाहिली नव्हती. खेड्यांतली घरे बंद पडत होती. तरणी पोरे बोटीत बसत होती आणि म्हातारी माणसे दाराशी उरत होती.

अशा वेळी परदेशातून पाहुणे यावेत, चार पैसे खेड्यात पडावेत, म्हणून १९५३ साली सरकारने एक मोठा उत्सव सुरू केला. पाहुणे येणार तर गाव झाडायला हवे, म्हणून त्याच्या जोडीला वसंतातली सफाई मोहीम आली. पाच वर्षे ती चालली. तिच्यातूनच पर्यटन मंडळाने १९५८ मध्ये ही स्पर्धा काढली. पहिल्या वर्षी ५२ गावे होती. पहिला नंबर डोनेगल जिल्ह्यातल्या ग्लेन्टीज या डोंगराळ भागातल्या छोट्या गावाने पटकावला.

उत्सव पुढे बंद पडला, सफाई मात्र टिकली. असे का झाले? उत्सव वरून आलेला होता. सफाईचा ताबा गावातल्या कमिटीने घेतला. गाव करील ते राव काय करील, ही आपली म्हण तिकडे कुणाला ठाऊक नसेल, पण घडले तेच.

गुणपत्रिका काय सांगते?

आता गुणांकडे वळू. पत्रिकेत आठ रकाने आहेत. गावाचे नियोजन आणि लोकांचा सहभाग यांना ८०. मुख्य रस्ता, दुकाने व सार्वजनिक इमारती यांना ८०. हिरवळ आणि झाडे यांना ८०. निसर्ग, म्हणजे पक्षी, किडे, ओढे, रानझाडे यांना ५५. कमी वापरा, वाया घालवू नका या रकान्याला ५५. झाडलोट व कचरा ९०. राहत्या वस्त्यांना ६०. आणि गावात येणारे रस्ते व बोळ यांना ५०.

बघा, एका रकान्याचे गुण म्हणून झाडूच सर्वांत मोठा आहे. त्याला कमी लेखलेले नाही. पण नुसत्या झाडूवर गाव पासही होत नाही. पहिलाच रकाना विचारतो की तुमच्या कमिटीत कोण कोण आहे, शाळेची मुले आहेत काय, दुकानदार आहेत काय, पुढच्या तीन-चार वर्षांचा आराखडा आहे काय. ज्या गावात एकच उत्साही माणूस सगळे करतो, ते गाव इथेच गुण गमावते.

गावांचे गटही लोकसंख्येप्रमाणे पाडलेले आहेत. दोनशेच्या आतली वाडी एका गटात, हजारापर्यंतचे गाव दुसऱ्यात, अडीच हजारांपर्यंतचे तिसऱ्यात, असे करत शहरांपर्यंत. वाडीची शर्यत वाडीशीच लागते.

परीक्षक जून-जुलैच्या सुमारास येऊन जातात. ते कधी येणार हे गावाला सांगत नाहीत. हार नाही, नारळ नाही, ढोल-लेझीम नाही. हातात कमिटीने अर्जासोबत पाठवलेला नकाशा घेऊन माणूस गावातून पायी फिरतो आणि निघून जातो. त्यामुळे एक दिवसाचा चुना उपयोगाचा नाही. सगळा उन्हाळाच तपासणीचा.

पुढे निकाल लागतो, आणि माझ्या मते या स्पर्धेची खरी ताकद त्या निकालाच्या कागदात आहे. भाग घेतलेल्या प्रत्येक गावाला, शेवटून पहिले आले तरी, लेखी अहवाल मिळतो. प्रत्येक रकान्यात यंदा किती गुण, गेल्या वर्षी किती, काय चांगले दिसले, काय राहिले, पुढे काय करावे. हे अहवाल सर्वांना वाचायला खुले असतात. गुण एकदम उडी मारत नाहीत. वर्षाला दोन, चार, पाच असे सरकतात. वरचे बक्षीस घेणाऱ्या गावांनी बहुधा वीस-वीस, तीस-तीस वर्षे असे थेंबे थेंबे तळे साचवलेले असते. आपली शर्यत शेजारच्या गावाशी कमी आणि आपल्याच गेल्या वर्षाच्या गुणांशी जास्त, ही सवय त्या कागदाने लावली.

ॲबीलीक्सची गोष्ट

एका गावाचे उदाहरण घेऊ. लीश जिल्ह्यातले ॲबीलीक्स. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. आपल्याकडचे बाजाराचे गाव म्हणा. अठराव्या शतकात तिथल्या जमीनदाराने आखून वसवलेले, त्यामुळे मधला रस्ता ऐसपैस. राजधानी डब्लिनहून दक्षिणेच्या कॉर्क शहराकडे जाणारा हमरस्ता याच गावातून जात असे. ट्रकची रीघ, धूर, धूळ, खोळंबा. पण दुकानांना गिऱ्हाईकही त्याच रस्त्याचे.

२०१० मध्ये नवा मोटारमार्ग गावाबाहेरून गेला. ज्यांच्या गावाला बायपास झाला आहे त्यांना यातला घोर सांगायला नको. धूळ गेली, आणि तिच्याबरोबर वाटसरूही गेला. चहाची टपरी असो की तिथली जुनी दुकाने, दुखणे एकच. आता गावात थांबायचे कुणी आणि कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला.

उत्तर गावाच्या शिवेवरच होते. ॲबीलीक्सच्या दक्षिणेला सुमारे दोनशे हेक्टरांचे दलदलीचे रान आहे. तिकडे त्याला बॉग म्हणतात. हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर त्यात साठलेला असतो. त्याला पीट म्हणतात. पीट वाळवून जाळतात. आयर्लंडमध्ये कित्येक पिढ्यांच्या चुली त्यावर पेटल्या, विजेची केंद्रेही चालली. ॲबीलीक्सचे हे रानही सरकारी पीट कंपनीकडे होते. पाणी काढून टाकण्यासाठी चर खोदून ठेवलेले होते. २००० साली तिथे पीट काढायची तयारी सुरू झाली, तेव्हा गावकरी आडवे आले.

हा झगडा सोपा नव्हता. पीट म्हणजे त्या भागात रोजगार. पण गावकऱ्यांनी नुसता विरोध करून भागवले नाही. कंपनीशी बोलणी चालू ठेवली. २००९ मध्ये पीटचेच छोटे बांध घालून चर बुजवण्याचे काम झाले, म्हणजे पाणी पुन्हा रानात थांबू लागले. आपल्या भाषेत पाणी अडवा, पाणी जिरवा. पुढे २०१२ मध्ये कंपनीने ते रान ५० वर्षांच्या कराराने गावाच्या स्वाधीन केले. आज त्या दलदलीवरून लाकडी फळ्यांची पाऊलवाट जाते. शाळेची मुले, अभ्यासक, हौशी लोक तिथे येतात. मोटारमार्गावरून सुसाट जाणाऱ्या माणसाला गावाकडे वळायला एक कारण मिळाले.

२०२३ मध्ये ॲबीलीक्स देशात पहिले आले. बायपास झाल्यानंतर तेराव्या वर्षी. गावाने कुंड्या ठेवल्या नाहीत असे नाही, रंग दिला नाही असेही नाही. पण रंगाच्या डब्याने हे जमले नसते. गावाकडे जे मुळात होते, ते ओळखून त्यांनी राखले. नियोजनाचे आणि निसर्गाचे गुण असे मिळतात.

गवत कापावे की वाढू द्यावे?

या स्पर्धेने एक जुनी समजूतही मोडायला घेतली आहे, आणि ती शेतीशी निगडित आहे. फार वर्षे नीटनेटके म्हणजे काय, तर गवत गालिच्यासारखे कापलेले, रस्त्याच्या कडा तणनाशक मारून पिवळ्या पाडलेल्या, आणि कुंड्यांत दर मोसमाला विकत आणलेली फुले. आयर्लंडमध्ये रानटी मधमाश्यांच्या शंभरच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश धोक्यात आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. २०१५ मध्ये परागीकरण करणाऱ्या किड्यांसाठी देशव्यापी आराखडा आला. गावांना सांगण्यात आले की सगळीकडे गवत कापू नका. वसंतात आपोआप उगवणारी पिवळी रानफुले राहू द्या, माशीचे पहिले खाणे तेच असते. कडा मोकळ्या ठेवा, मधला पट्टा वाढू द्या.

सहज पटले असेल? नाही. चाळीस वर्षे कात्री चालवणाऱ्या माणसाला वाढलेले गवत म्हणजे आळस वाटतो. पण परीक्षकांच्या अहवालातच तणनाशक टाळा असे येऊ लागले आणि गुण त्या बाजूला झुकले, तेव्हा कमिट्याही वळल्या. शेतांच्या काटेरी कुंपणांचेही तसेच. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, ही कुंपणे छाटायला कायद्याने मनाई आहे. अपवाद आहेत, रस्त्यावर वाहनांना अडचण होत असेल तर छाटता येते. पण स्पर्धा येतेय म्हणून जूनमध्ये कुंपण भादरून टाकले, हे चालत नाही.

आपल्याकडेही बांधावरचे सगळे जाळून, तणनाशक मारून 'स्वच्छ' करण्याची टूम आली आहे. मग सूर्यफूल भरत नाही, डाळिंबाची सेटिंग होत नाही, म्हणून आपण मधमाशीच्या पेट्या भाड्याने शोधत फिरतो. बांध काळा ठणठणीत करून पेटी भाड्याने आणणे, म्हणजे विहीर बुजवून टँकर बोलावणे झाले.

कमिटीच्या पाठीशी कायदा

नुसत्या श्रमदानावर हे चालले असे समजणेही चूक ठरेल. गाडी दोन चाकांवर चालते. एका चाकावर लोक, दुसऱ्यावर कायदा.

१९९७ च्या कायद्याने वस्तीतल्या घरमालकावर आणि दुकानदारावर आपल्या दारापुढची पायवाट कचऱ्यापासून स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी टाकली. कचरा फेकताना सापडले तर जागेवर १५० युरोचा दंड. मार्च २००२ मध्ये दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर बसला, २००७ मध्ये तो २२ सेंट झाला. आजच्या भावाने पिशवीमागे वीसेक रुपये. कर येण्यापूर्वी माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागत असा अंदाज होता. कर बसताच तो आकडा २१ वर आला. पिशवीवर बंदी घातली नाही, फक्त ती फुकट मिळणे बंद झाले. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर अनामत घेतात. अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्यावर २५ सेंट. रिकामी बाटली परत दिली की पैसे परत. आपल्याकडे काचेच्या सोडावॉटरच्या बाटलीला हीच रीत होती, आपण ती सोडून दिली.

मनुष्यबळाचीही सोय आहे. २००४ पासून तिथे एक योजना आहे. ज्या शेतकऱ्याचे शेतीत भागत नाही, त्याने आठवड्याला साडेएकोणीस तास गावाच्या कामावर जायचे. पायवाटा दुरुस्त करायच्या, दफनभूमीची निगा राखायची, मैदानाचे गवत काढायचे. त्याबद्दल सरकार त्याच्या उत्पन्नाला जोड देते. आपल्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग देशाला दाखवला. फरक एवढाच, की आपली हमी बहुतेक नवे काम काढण्यात गेली. केलेल्या कामाची निगा राखणे हेही काम आहे आणि त्याला मजुरी पडली पाहिजे, हे त्यांनी मानले.

जिथे रंग कमी पडतो

आता दुसरी बाजू. आयर्लंडची सगळी गावे चित्रासारखी झाली असे कुणी समजू नये. २०२२ च्या जनगणनेत त्या देशात १ लाख ६६ हजारांहून अधिक घरे रिकामी आढळली, आणि त्यांत सुट्टीपुरती वापरायची घरे धरलेली नाहीत. गावातल्या मुख्य रस्त्यावर खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा जुन्या इमारती आहेत. गावाबाहेर मोठी दुकाने झाली, लोक मोटारीने तिकडे जाऊ लागले, आणि मधली दारे बंद झाली. वारस परदेशात, हिस्सेवाटणी अडलेली, छत गळके. हे चित्र आपल्या वाड्यांपेक्षा वेगळे नाही.

बंद दाराला रंग देता येतो, पण त्यात दिवा लावता येत नाही. त्याचा एक नमुना शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये २०१३ साली जगाने पाहिला. बड्या देशांचे पुढारी तिथे बैठकीला येणार होते. तेव्हा फर्मॅनाच्या भागात बंद पडलेल्या दुकानांवर भरल्या दुकानांची चित्रे चिकटवण्यात आली. मोटारीतून जाताना वाटावे की आत माल आहे, गिऱ्हाईक आहे. तो भाग ब्रिटनच्या राज्याखालचा आहे आणि हे काम या स्पर्धेतले नव्हे. पण आपल्याकडे साहेबांचा दौरा लागला की भिंतीला चुना मारतात, त्याच जातीचे हे काम. बैठक संपली, पुढारी गेले, दुकाने होती तशीच बंद राहिली.

म्हणून आयर्लंड सरकारने २०२२ पासून दुरुस्तीसाठी हात सैल केला. बरीच वर्षे रिकामे पडलेले घर राहण्याजोगे करायला ५० हजार युरोपर्यंत आणि पडीक झालेले असेल तर ७० हजारांपर्यंत अनुदान मिळते. उलट, पडीक मालमत्ता तशीच ठेवणाऱ्याला तिच्या किमतीच्या सात टक्के वार्षिक आकार लावण्याची तरतूद आहे. गाजर आणि चाबूक दोन्ही. तरी वारसांचा गुंता सुटायला वेळ लागतो.

दुसरी अडचण माणसांची. कमिट्यांत केस पिकलेली मंडळी जास्त दिसतात. तरुण नोकरीसाठी रोज लांब जातात, संध्याकाळी थकून येतात. शिवाय कर भरूनही नगराचे काम आम्ही का करायचे, असा सवाल तिथेही होतो. तो चुकीचा नाही. कमिटीचे म्हणणे असे, की गटार बांधणे नगराचे काम, पण गटारात पिशवी न टाकणे हे कोणाचे?

आपण काय उचलावे?

महाराष्ट्राने अशीच स्पर्धा २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने सुरू केली. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ती गावोगाव नेली. त्या काळात गावेच्या गावे झाडू घेऊन बाहेर पडली होती, हे विसरता येणार नाही. बक्षीस मिळालेल्या काही गावांनी रूप टिकवले. बरीच गावे फलक लावून झोपी गेली. आपले लोक कमी पडले असे मला वाटत नाही. कमी पडला तो दुसऱ्या वर्षीचा कागद.

बक्षिसाची वाट न पाहता तीन गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येतील. पहिली, गावाची आपलीच आठ रकान्यांची गुणपत्रिका करावी. त्यात पाणवठा, वस्त्यांचे रस्ते, स्मशानभूमी, शाळेचे आवार, गावात येणारा रस्ता, ओढा, पडकी घरे, कचरा असे आपले रकाने घालावेत. दुसरी, तपासायला शेजारच्या गावचे दोन शिक्षक आणि बचत गटातल्या दोन ताई बोलवाव्यात. तारीख सरपंचांनाही कळू नये. तिसरी, अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि चावडीवर लावावा, गेल्या वर्षीच्या शेजारी. खर्च कागदाचा आणि चहाचा.

शेतकरी बंधूंसाठी एक जादा रकाना ठेवावा, शेतातल्या प्लास्टिकचा. मल्चिंग पेपर, ठिबकच्या फाटक्या नळ्या, औषधांच्या बाटल्या आज बांधाला, नाल्याला, नाहीतर पेटवून दिलेल्या दिसतात. आयर्लंडचा शेतकरी चाऱ्याच्या गठ्ठ्यांवरचे प्लास्टिक गोळा करून ठेवतो आणि ते पुनर्वापराला जाते. आपल्याकडेही जुन्या ठिबकचे भंगार घेणारे आहेत. गावाने एक जागा नेमून दिली आणि महिन्याचा एक दिवस ठरवला, तर निम्मे काम होते.

गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले. आयर्लंडमधली स्पर्धा त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली, तिला बाबांचे नावही ठाऊक नव्हते. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडत, आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते प्रश्न विचारत, कर्जाबद्दल, दारूबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल. म्हणजे त्यांच्याही हिशेबात झाडू हा एकच रकाना होता. उरलेले गुण रात्रीच्या कीर्तनातले होते. आपण खराटा तेवढा उचलला. येत्या ग्रामसभेत बाकीचे रकानेही मांडून बघावेत.